मंडळींची भीती

‘‘नेकेड म्हणजे नागडी का गं पोरी?’’

शोरूममधली चार पोरं फिदीफिदी हसली. विचारणाऱ्या काकूंनी जीभ चावली, पदर तोंडाला लावला आणि शेजारी उभ्या नवऱ्याकडं असं बघितलं, जणू गाडीचं नाव त्यांनीच ठेवलं होतं.

‘‘नागडी नव्हे हो काकू, उघडी,’’ मी म्हणाले. ‘‘अंगावर प्लास्टिकचा झगा नाही एवढंच. इंजिन उघडं, सांगाडा उघडा. आहे ते समोर दिसतं, लपवाछपवी नाही.’’

‘‘मग उघडी म्हणावं की. एवढ्या देखण्या गाडीला काय मेलं नाव!’’

मी तेव्हा कराडला, कोल्हापूर नाक्याजवळच्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये विक्रीला होते. शर्मिला यादव, वय वर्षं चोवीस, जीभ अडकित्त्यासारखी. आमचे हे म्हणतात, जीभ अजून तशीच आहे, फक्त सुपारी बदलली.

त्या वर्षी या उघड्या गाड्या हातोहात खपत होत्या. कॉलेजची पोरं यायची ती आधी झगेवाल्या स्पोर्ट गाडीवर चढायची. पालथं पडून हँडल धरायचं, फोटो काढायचा, किंमत ऐकायची, मग पाठ चोळत खाली उतरायचं. तिथं मी उभीच असायचे. ‘‘इंजिन तेच, दम तोच, झग्याचे पैसे वाचले. ताठ बसा, गावात चालवा, हायवेला पळवा. पडलीच तर एक आरसा आणि एक लिव्हर, बाकी काही फुटत नाही. पैसा वसूल!’’ हे भाषण मी झोपेतसुद्धा म्हटलं असतं. पण पिकल्या मिशांचा माणूस बायकोला घेऊन या गाडीपुढं उभा राहिलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

‘‘मुलासाठी बघताय का काका?’’

‘‘मुलगी हाय. ती पुण्याला असती आणि तिला मोटार हाय,’’ काका म्हणाले. ‘‘मला पाहिजे. निवृत्ती शेडगे माझं नाव. एसटीत ड्रायव्हर होतो. औंदा नावाप्रमाणं झालो.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘निवृत्त!’’ काकू म्हणाल्या, आणि स्वतःच खुदकन हसल्या. हा विनोद त्यांच्या घरात वर्षभर चालू असावा.

मी माझं भाषण सुरू केलं. पिकअप, टॉप स्पीड, लायटी. काकांनी हात वर केला. ‘‘ते पोरांना सांग. ब्रेक सांग.’’

मग मी ब्रेक सांगितले. पुढं डिस्क, मागं डिस्क, कचकन दाबले तरी चाक जाम होऊन घसरत नाही. काका उकिडवे बसले आणि दोन्ही डिस्कवरून बोट फिरवलं. या किमतीत असे ब्रेक दुसऱ्या कुठल्या गाडीला आहेत का, हे त्यांनी तीनदा विचारलं, आणि नाही म्हटल्यावर शेजारच्या दोन शोरूममध्ये जाऊन खात्रीही करून आले. तेवढ्या वेळात काकूंनी मला सगळी कथा सांगितली. त्यांचं माहेर बोरजाईवाडी, पाटणच्या वर. थोरली बहीण तिथं एकटी राहते, डोळ्यांनी अधू झालीय. एसटी फाट्यापर्यंत जाते, पुढं नुसता चढ, आणि काकूंचे गुडघे आता चढ म्हटलं की संपावर जातात.

‘‘म्हणून दमाची गाडी पाहिजे म्हणतात हे. चढायला दम आणि उतरायला ब्रेक.’’

काका परत आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. विक्रीत खरं बोलू नये असं आमचे मॅनेजर सांगायचे, पण काकू मला आवडल्या होत्या. ‘‘काका, गाडी झकास आहे. पण मागची सीट बघा, केवढीशी आणि किती उंच. साडीत बाईमाणूस एका बाजूला बसणार कसं? थोडी थांबून सेकंडहँड चारचाकी घ्या, काकू निवांत मागं बसतील.’’

काकांनी मान हलवली.

‘‘पोरी, तीस वर्षं त्या माझ्या मागंच बसल्या. माझ्या गाडीनं माहेरी जायच्या. माझ्या पाठीमागचं पहिलं शीट. आणि मधे जाळी. ड्रायव्हरच्या मागं असती की नाही जाळी? आरशात तेवढ्या दिसायच्या. आता मधे काही नको.’’ मग एकदम आवाज बदलून म्हणाले, ‘‘पण आमची मंडळी लई घाबरती. तरणं असताना मोटारसायकलवरनं पडली. पदर चाकात गेला, कोयनेच्या पुलाजवळ. हाड मोडलं गळ्यापाशी. तेव्हापासून दुचाकीवर बसली न्हाई. किती वर्षांनी हो म्हणालीय.’’

मंडळी म्हणजे काकू. त्या मागं येऊन उभ्या होत्या, आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं.

‘‘होय बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी लई घाबरते.’’

काका गाडीच्या डाव्या बाजूला वाकले. मागच्या चाकाशी काळी लोखंडी जाळी होती. साडी गार्ड. प्रत्येक गाडीला कंपनीकडून येतं ते. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून असं गदागदा हलवलं की गाडी स्टँडवर डुलली.

‘‘पक्की हाय,’’ ते म्हणाले. ‘‘ह्यातनं पदर जात न्हाई. हीच गाडी द्या.’’

टेस्ट राइडला काका गेले तेव्हा अख्खं शोरूम दारात आलं. वळताना माणूस उजवा हात बाहेर काढून दाखवायचा, बसच्या खिडकीतून काढल्यासारखा! परत आले ते बरोबर पट्ट्यावर चाक ठेवून थांबले आणि सवयीनं मागं वळून बघितलं, सगळे उतरले का म्हणून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी वाजवल्या नाहीत. त्या काकांच्या हाताकडं बघत होत्या. हँडल सोडल्यावरही काकांची बोटं मिटलेलीच होती. मला वाटलं, वय झालं की आखडतात बोटं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढं काय घोळ झाला ते कळेल.

उघडी गाडी घेणारं पोरगं पैसे भरलं रे भरलं की पहिलं वाक्य बोलायचं, ‘‘ताई, ते जाळीचं झेंगट काढा.’’ त्या जाळीनं गाडीचा रुबाब जातो, मागनं म्हशीला मुसकं बांधल्यासारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं. वर्कशॉपमधले इक्बालभाई इतक्या जाळ्या काढायचे, की पुढं पुढं त्यांना कुणी सांगावंही लागायचं नाही. उघडी गाडी डिलिव्हरीला आली की धुवायच्या आधी जाळी खाली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळ्यांचा ढीग, आणि महिन्याच्या शेवटी भंगारवाला.

डिलिव्हरीचा दिवस बुधवार. काका पांढरा शर्ट इस्त्री करून आले होते. काकूंनी लेकीनं दिलेली नवीकोरी सहावारी नेसली होती, अंजिरी रंगाची, तिच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. आल्या आल्या त्यांनी माझ्या कानात सांगितलं, ‘‘इथनं परस्पर माहेरी जायचंय. अक्काला निरोप धाडलाय, ती पुरण घालणार हाय. आज बसले तर बसले, बघ. आज जर घरी माघारी गेलो तर हे परत कधी नाव काढायचे न्हाईत.’’

हे बोलणं मला जरा उलटं वाटलं. पण घाई होती. गाडी बाहेर आणली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, काकूंनी कुंकू लावलं. काका नारळ घेऊन डाव्या बाजूला आले आणि थांबले.

‘‘जाळी कुठाय?’’

मी इक्बालभाईंकडं बघितलं. इक्बालभाईंनी कपाळावर हात मारला.

‘‘या अल्ला! सवयीनं निघाली ओ काका. थांबा, आत्ता लावतो.’’ ते शेडकडं पळाले, आणि रिकाम्या हातांनी आले. भंगारवाला कालच येऊन गेला होता. शेडमध्ये एकच जाळी उरलेली, तीही वेगळ्या गाडीची. ती लावून बघितली, भोकं जुळेनात. इक्बालभाई तार घेऊन आले.

‘‘तारेनं न्हाई,’’ काका म्हणाले.

‘‘नवीन मागवते काका,’’ मी म्हणाले. ‘‘आठवड्यात येईल. आज तेवढं जपून...’’

‘‘न्हाई म्हटलं ना!’’

काका तिथंच पायरीवर बसले. नारळ मांडीत. आणि मी बघितलं, त्यांचे हात कापत होते. नुसते नाहीत, नारळातलं पाणी वाजेल असे.

‘‘मीच काढली होती,’’ ते खाली बघून म्हणाले. ‘‘तवाची. नवी गाडी, नवं लग्न. मित्र म्हणाले, काय रे निवृत्ती, जाळी लावून दूध घालायला निघालास का? फिटरला चहा पाजून काढून घेतली. पंधरा दिवस झाले नव्हते. पुलाच्या अलीकडं मागनं ओझं हलकं झालं. वळून बघितलं तर...’’ त्यांनी नारळ खाली ठेवला. ‘‘गाडी नको पोरी. पैसं राहू देत तुमच्याकडं, नंतर बघू. मंडळी घाबरत्यात. मला त्यांना जबरदस्ती न्हाई करायची.’’

मंडळी अजिबात घाबरलेल्या दिसत नव्हत्या. मंडळी हार घातलेल्या गाडीकडं, मग पाटणला जाणाऱ्या रस्त्याकडं बघत होत्या. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

‘‘तुमचं ते बाथरूम कुठाय गं?’’

बाथरूमच्या शेजारी आमची सामानाची खोली होती, हेल्मेटच्या खोक्यांनी भरलेली. काकू त्या खोलीत शिरल्या, मला आत ओढलं आणि कडी लावली.

‘‘दार धर. आणि तुझ्याकडं पिना हाईत का?’’

‘‘काकू, काय करताय?’’

‘‘काष्टा मारते. भातलावणीला सहावारीचा मारतो आम्ही. चिखलात गोल साडी नेसून कोण उतरतंय?’’ बोलता बोलता त्यांनी निऱ्या सोडल्या, मधून घेतल्या, मागं नेल्या आणि कचकन खोचल्या. हात असे चालत होते की मी नुसती पिना देत राहिले. ‘‘पदर लोंबायलाच नको, तर चाकात जाईल कशाला? आणि एका बाजूला बसायचंच कशाला? दोन्हीकडं पाय टाकून बसते. बैलगाडी हाकलीय मी, ही तर उघडीच हाय!’’

‘‘पण काकू, तुम्हाला भीती...’’

काकू थांबल्या. पदर हातात तसाच राहिला.

‘‘मला कुठली गं भीती? हाड सांधलं, भीती गेली. वर्षभरातच गेली. मी वाट बघत होते, हे कधी म्हणतील बस मागं. पण ह्यांनी गाडी फुकापासरी विकून टाकली. रात्री दचकून उठायचे, माझ्या गळ्याला हात लावून बघायचे. एसटीची नोकरी धरली ती का माहिताय? त्या गाडीतनं माणूस पडत न्हाई म्हणून.’’ त्यांनी डोळे पुसले, चिडून पुसल्यासारखे. ‘‘लोक विचारायचे, निवृत्ती, तू बायकोला गाडीवरनं नेत कसा न्हाईस? ह्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. मग मीच पुढं होऊन सांगायला लागले, मी लई घाबरते म्हणून. माझ्या नावावर खपून गेलं सगळं. बाईच्या भीतीला कोण हसतंय? पुरुषाच्या भीतीला जग हसतंय.’’

मी पुढची पिन दिली.

‘‘रिटायर झाले आणि एक दिवस आपणहून म्हणाले, बसशील का? मी लगेच हो म्हणाले असते तर ह्यांना कळलं असतं, मी कधी घाबरलेच नव्हते. म्हणून चार दिवस नको नको केलं. आता हे कुणाला बोलू नकोस. ह्यांना तर न्हाईच.’’ त्यांनी पदर कमरेभोवती फिरवून घट्ट खोचला. ‘‘काढ कडी.’’

काकू बाहेर आल्या तेव्हा पोरं हसली नाहीत. काष्टा, खोचलेला पदर, पायात चपला, आणि हातात माझ्या शेल्फवरचं लाल हेल्मेट. ते घालताना अंबाडा आडवा आला, तर भर शोरूममध्ये त्यांनी अंबाडा सोडला आणि वेणी पाठीवर टाकली. काका तोंड उघडं ठेवून बघत होते. इतक्या वर्षांत ती वेणी चारचौघांत त्यांनी बघितली नसावी.

‘‘उठा,’’ काकू म्हणाल्या.

‘‘अगं, पण जाळी...’’

‘‘जाळी कशाला पाहिजे? लोंबणारं काय हाय का माझ्या अंगाला? बघा सगळीकडनं.’’ आणि त्या खरंच गोल फिरल्या. ‘‘अहो, मला भीती वाटतीय. पण तुम्ही चालवणार असाल तर मी बसते. तुम्ही तीस वर्षं एक माणूस पाडला न्हाई. तुम्ही धीर दिलात तर बसते.’’

काका उठले. बायको घाबरली आहे म्हटल्यावर त्यांना उठावंच लागलं. गाडीवर बसले, दोन्ही पाय रोवले, पुढचा ब्रेक मुठीत आवळला. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाय उचलला, आणि गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगणारी ती बाई टुणकन पलीकडं गेली. दोन्ही बाजूंना पाय. पोटावरून काकांना हात. मधे काही नव्हतं.

‘‘बसलीस?’’ काकांनी पुढंच बघत विचारलं.

‘‘बसले.’’

‘‘नीट?’’

‘‘नीट.’’

गाडी सुरू होती, पण हलेना. काकांनी डाव्या आरशात बघितलं, उजव्या आरशात बघितलं, परत डाव्या. इक्बालभाई जीभ बाहेर काढून श्वास धरून उभे. लिंबू चाकाखाली तसंच. काकांचा डावा हात किल्लीकडं गेला, आणि मला वाटलं, संपलं, आता हे उतरणार.

तेवढ्यात काकूंनी हात उचलला आणि काकांच्या हेल्मेटवर बोटाच्या पेरानं वाजवलं. टक्‌ टक्‌.

‘‘डबल,’’ त्या म्हणाल्या.

कंडक्टरनं डबल बेल दिली की ड्रायव्हरनं गाडी काढायची. तीस वर्षांची सवय. काकांचा पाय आपोआप गिअरवर गेला, उजवा हात बाहेर निघाला, लिंबू फचकन फुटलं आणि गाडी रस्त्याला लागली. नारळ फोडायचा राहिलाच. तो इक्बालभाईंनी नंतर फोडला आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ला. मी खोबरं चावत चावत रडत होते, तर पोरं म्हणाली, ताईंना गाडी विकल्याचं दुःख झालंय.

पहिल्या सर्व्हिसिंगला दोघं आले ते वाऱ्यानं विस्कटलेले. काकूंनी बाजारातून सलवार आणली होती, साडी नेसायच्या त्या फक्त लग्नकार्याला. मी नवी जाळी मागवून ठेवली होती. काकांनी ती घरी नेली आणि परसात दोडक्याचा वेल चढवायला लावली.

‘‘काय सांगू पोरी,’’ काका मिशा पुशीत म्हणाले, ‘‘मंडळींची भीती पार मोडली बघ. पण मोडावी लागली मला. लई धीर द्यावा लागतो बायकांना.’’

मी काकूंकडं बघितलं. काकू दुसरीकडं बघत होत्या.

‘‘होय बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांनी लई धीर दिला.’’

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं. नवरा जतचा, दुष्काळी भागातला, सोन्यासारखा माणूस. लग्नानंतर आम्ही मालवणला गेलो. किल्ल्यावर जायला होडी होती. लोक भराभर चढत होते. आमचे हे फळीवर एक पाय ठेवून थांबले. हसत होते, पण ओठ पांढरे पडले होते. ‘‘जाऊ दे ना,’’ म्हणाले, ‘‘उगाच गर्दी आहे.’’ होडीतून कुणीतरी ओरडलं, काय दादा, भ्यायलात काय? माझ्या जिभेवर त्याहून झणझणीत काहीतरी आलंच होतं. अख्खी होडी हसली असती.

मी त्यांचा हात धरला आणि नाखव्याला सांगितलं, ‘‘दादा, तुम्ही जा. मला पाण्याची फार भीती वाटते.’’

किनाऱ्यावर भजी खाताना ते मला समजावत होते, एवढं काय घाबरायचं, मी होतो ना. मी मान डोलवत होते. कृष्णेच्या पुरात प्रीतिसंगमाच्या घाटावरून उड्या मारलेली पोरगी मी.

आता आमची मुलगी पोहायला शिकते. हे काठावर, पाण्यापासून चांगलं दोन हात लांब खुर्ची टाकून बसतात आणि तिला ओरडून सांगतात, ‘‘शाब्बास! आईसारखं घाबरायचं नाही!’’

मुलगी पाण्यातून माझ्याकडं बघते.

‘‘होय बाई,’’ मी म्हणते. ‘‘मी लई घाबरते.’’